ओळखलं मंगळवारी, सांगितलं शुक्रवारी

हे प्रकरण आमच्या ऑफिसातलं. ऑफिस म्हणजे अकरा माणसं. पुस्तकांची आणि अहवालांची मांडणी, मुद्रितशोधन, फाइल छापखान्यात जाईपर्यंतची सगळी कामं आम्ही करतो. मी मांडणी करतो, पण संगणकातल्या चार गोष्टी जास्त कळतात म्हणून मेल, पासवर्ड आणि प्रिंटर यांची भानगडही माझ्याच गळ्यात आहे. जमाखर्च बघतात त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. इतक्या वर्षांत त्यांच्या वहीतला एक आकडा चुकलेला मी पाहिलेला नाही. त्यांना विचारूनच हे लिहितोय. त्यांनी एकच अट घातली: "मला बिचारी करून लिहू नकोस."

मंगळवार

सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी ताईंना मेल आला. पाठवणारा पत्ता आमच्याच डोमेनवरचा (म्हणजे पत्त्यात @ नंतर आमचंच नाव), नाव 'प्रशासन'. विषय: 'सुधारित वेतनरचना – आज सायंकाळपर्यंत स्वाक्षरी आवश्यक'. दोन ओळींचा मजकूर आणि सोबत एक पीडीएफ. पीडीएफ उघडली की वर आमचं बोधचिन्ह, मधोमध क्यूआर कोड आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक वाक्य: 'गोपनीयतेसाठी हे कागदपत्र केवळ मोबाइलवर पाहता येईल.'

महिनाअखेर होती. पंधरा दिवसांपूर्वी सरांनी पगारवाढीचा विषय खरोखरच काढला होता. चोरांना ते माहीत असण्याचं काही कारण नाही. असे मेल शेकड्यांनी जातात, त्यातला एखादा नेमक्या वेळी नेमक्या माणसाला गाठतो आणि त्या माणसाला वाटतं, याला आपलं सगळं ठाऊक आहे.

ताईंनी स्वतःचा फोन काढला, कोड स्कॅन केला. आमच्या मेलसेवेचं लॉगिनचं पान उघडलं आणि त्यात त्यांचा मेल पत्ता आधीच भरलेला होता. "पत्ता भरलेला दिसला म्हणून मला वाटलं, हे आपलंच आहे," असं त्या नंतर म्हणाल्या. पासवर्ड टाकला. ओटीपीचा एसएमएस आला, नेहमीच्याच नावाने, नेहमीच्याच शब्दांत. तोही टाकला. पानावर ते गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि मग 'कागदपत्र सध्या उपलब्ध नाही' अशी ओळ आली.

ताईंनी शेजारच्या टेबलाकडे वळून विचारलं, "तुला आला का गं पगाराचा मेल?"

"कसला मेल?"

एवढं पुरलं. दहा मिनिटंही झाली नव्हती. ताईंनी लगेच पासवर्ड बदलला. मग मेल डिलीट केला, ट्रॅशमध्ये जाऊन तिथूनही काढून टाकला, फोनमधलं पान बंद केलं आणि पुन्हा पावत्यांकडे वळल्या. मी तीन टेबलं सोडून बसतो. मला काही बोलल्या नाहीत. कोणालाच काही बोलल्या नाहीत.

फसवणूक कशी ओळखावी यावर लिहिताना लोक इथेच थांबतात. त्या हिशेबाने ताई पास आहेत. दहा मिनिटांत ओळखणं म्हणजे चांगलंच लवकर, आणि पासवर्डही बदलला. तरीही शुक्रवारी आमच्या एका ग्राहकाचे पैसे गेलेले होते. मला लिहायचंय ते या मधल्या तीन दिवसांबद्दल.

त्या चौकोनात काय होतं

शुद्धलेखनाच्या चुका शोधा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्या मेलमध्ये एकही चूक नव्हती. मुद्रितशोधन हा आमचा धंदा आहे, त्यामुळे हे मी खात्रीने सांगतो. खरं तर सरांचे स्वतःचे मेल याहून गबाळे असतात. मजकूर यंत्राकडून हवा तसा लिहून मिळतो म्हटल्यावर चुकांवर भिस्त ठेवण्यात आता अर्थ उरलेला नाही.

खटकायला हवी होती ती गोष्ट वेगळीच. संगणकावर आलेला मेल ताईंना फोन काढायला सांगत होता. ऑफिसच्या संगणकावर मेलची चाळणी आहे, पडदा मोठा आहे, पत्ता पूर्ण दिसतो आणि हाकेच्या अंतरावर मी आहे. ताईंच्या स्वतःच्या फोनवर यातलं काहीच नाही. मजकुरातली लिंक चाळणीला सहज वाचता येते. पीडीएफमधल्या चित्रात लपवलेली लिंक वाचायची तर आधी ते चित्र उलगडावं लागतं. काही चाळण्या आता तेही करतात, आमची करत नव्हती. मेलवरून फोनवर, एसएमएसवरून एखाद्या चॅटवर, चॅटवरून थेट कॉलवर असं कोणी आपल्याला एका जागेवरून उठवून दुसरीकडे नेऊन बसवत असेल, तर तो आपल्याला पहाऱ्यातून बाहेर काढतोय असं मी आता धरूनच चालतो.

क्यूआर कोडची गंमत अशी की तो निघाला फार साध्या कामासाठी. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तो तयार केला. कारखान्यात चिठ्ठी कोणी चिकटवली हे ठाऊक असतं. रस्त्यावर, मेलमध्ये किंवा खांबावर ते ठाऊक नसतं. कोडमध्ये जास्तीत जास्त ४,२९६ अक्षर-अंक मावतात, आणि डोळ्यांना त्यातलं एकही वाचता येत नाही. शिवाय खराब भाग भरून काढायची सोय कोडमध्येच असते; तिच्या सर्वांत वरच्या पातळीचा कोड सुमारे ३० टक्के खराब झाला तरी चालतो. मधोमध बोधचिन्ह ठेवलेला कोड जास्त अधिकृत वाटतो खरा, पण तिथे फक्त थोडा कोड झाकलेला असतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. २०२२च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला होता की पैसे भरण्यासाठी लावलेल्या खऱ्या कोडच्या जागी चोर आपला कोड बसवतात. तेव्हा छापील कोड दिसला की त्याच्या कडेवर नख फिरवून पाहावं. वर स्टिकर असेल तर नखाला कळतं.

ताईंचा कोड स्कॅन झाल्यावर फोनने पत्ता दाखवला होता, पण एका छोट्या पट्टीत, आणि शेपूट कापलेलं. त्याची सुरुवात आमच्या मेलसेवेच्या नावाने होत होती. पत्त्याची सुरुवात कोणालाही हवी तशी करता येते. खरा मालक कळतो तो पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी, उजवीकडून वाचलं की. 'अमुकबँक डॉट कॉम डॉट तपासणी डॉट टॉप' असा पत्ता असेल तर ते पान अमुक बँकेचं नाही, 'तपासणी डॉट टॉप' ज्याने विकत घेतलंय त्याचं आहे. आणि पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चिन्ह? ताईंनी कुलूप पाहिलं होतं, त्या तसं ठासून सांगतात. पाहिलंही असेल. तुमच्यात आणि त्या पानात जे जातं-येतं ते वाटेत कोणी वाचू शकत नाही, इतकंच ते चिन्ह सांगतं. समोर कोण बसलंय हे सांगत नाही. ते चिन्ह ज्याने मिळतं ते प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. लोक त्या चिन्हाचा भलताच अर्थ काढतात म्हणून गूगलने २०२३मध्ये क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकलं.

मेल पत्ता आधीच भरलेला कसा? लिंकच्या शेपटातच तो सांकेतिक रूपात होता. ज्याला मेल जातो त्याच्यासाठी वेगळा कोड तयार होतो.

ओटीपीचं प्रकरण मला स्वतःला समजायला वेळ लागला. ताई टाइप करत होत्या ते पान मधला दलाल होतं. त्यांनी लिहिलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या सेवेकडे जात होता, म्हणून सेवेने खरा ओटीपी पाठवला, तोही त्याच वाटेने पुढे गेला आणि खऱ्या सेवेने दार उघडलं. आत गेला तो चोर. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे वाक्य ताईंना पाठ आहे. त्यांच्या मते त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता, पानावर टाकला होता, आणि शब्दशः पाहिलं तर त्या चुकलेल्या नाहीत. ते वाक्य फोनवरून बोलणाऱ्या भामट्यांसाठी लिहिलेलं आहे.

आता माझा भाग. मेल आमच्याच डोमेनवरून आल्यासारखा दिसत होता, कारण मी तसं होऊ दिलं होतं. मेल पोचवण्याचा मूळ नियम १९८२चा आहे आणि पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं हे तो पाहत नाही. पाकिटामागे कोणाचंही नाव लिहावं तसं. त्यावर उपाय म्हणून पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे पाठवणारा खरा की खोटा ते तपासायचे नियम आले. डीमार्कमध्ये डोमेनचा मालक जगाला सांगतो की माझ्या नावाचा खोटा मेल आला तर काय करायचं: काहीच नाही, स्पॅममध्ये टाका, किंवा नाकारा. दोन वर्षांपूर्वी मी 'काहीच नाही' ठेवलं. महिनाभर नुसतं पाहू, मग घट्ट करू, असा बेत होता. नंतर मी तो विसरलो. शुक्रवारी सगळे ताईंकडे बघत होते तेव्हा हे फक्त मला ठाऊक होतं, आणि कबूल करतो, ते सांगायला मीही सोमवार उजाडवला.

बुधवार आणि गुरुवार

ताईंनी पासवर्ड बदलला तेव्हा चोराचं काम उरकलेलं होतं. त्याने त्यांच्या मेलपेटीत एक नियम लावून ठेवला होता. नियमाचं नाव फक्त एक टिंब, म्हणजे यादीत डोळ्यांना दिसायलाही नको. 'बिल', 'रक्कम', 'खाते' यांपैकी एखादा शब्द असलेला कोणताही मेल आला की त्याची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जायची आणि मूळ मेल 'वाचलेला' अशी खूण होऊन, कोणी कधी उघडत नाही अशा बातम्यांच्या फीडच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायचा. पासवर्ड बदलून नियम पुसला जात नाही. कुलूप बदललं, पण भिंतीला पाडलेलं भोक तसंच राहिलं.

ताईंना या दोन दिवसांत एवढंच जाणवलं की मेल कमी येताहेत. त्यांना ते बरंच वाटलं.

गुरुवारी दुपारी आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या लेखाविभागात मेल गेला. आमच्या डोमेनच्या इंग्रजी नावात 'एम' हे अक्षर आहे. चोरांनी त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवून नवं डोमेन घेतलं होतं. फोनवर ते बघा, फरक सापडत नाही. मला ठाऊक असूनही दोनदा चुकला. मेलच्या तळाशी आमचा आणि त्यांचा आधीचा खराखुरा पत्रव्यवहार जोडलेला होता, तीन मेल, ताईंच्या सहीसकट. वर दोन ओळी: लेखापरीक्षणामुळे आमचं नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे, कृपया दोन्ही बिलांची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी.

पाठोपाठ त्या लेखाविभागातल्या बाईंच्या फोनवर एसएमएस: 'खातेबदलाचा मेल पाठवला आहे, कृपया पाहावा.' आमच्या पाठवणीच्या सूचना ज्या नावाने जातात त्याच नावाने हा आला आणि आमच्या खऱ्या संदेशांच्या खालीच जाऊन बसला. एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी नंबरऐवजी ११ अक्षरांपर्यंतचं नाव घालता येतं. नावांची नोंदणी जिथे सक्तीची नाही तिथे ते नाव कोणीही घालू शकतो. फोन बिचारा नाव पाहून गठ्ठे बांधतो. वरचे आठ संदेश खरे म्हणून नववाही खरा, असं वाटायला लावणारी ही सोय आहे.

बाईंनी संध्याकाळी लहान बिलाचे पैसे नव्या खात्यात भरले. मोठ्या बिलाला त्यांच्याकडे दोन सह्या लागतात आणि दुसरी सही करणारे साहेब निघून गेले होते.

शुक्रवार

ते साहेब सकाळी आले आणि म्हणाले, खातं बदललंय तर एकदा फोन करून विचारा. बाईंनी फोन केला तो जुन्या वहीतल्या नंबरवर. मेलच्या तळाशी नवा नंबर दिलेला होता. त्यावर केला असता तर पलीकडून कोणीतरी मोठ्या आदबीने "हो, हो, बरोबर आहे" म्हणालं असतं.

"ताई, ते नवीन खातं चालू आहे ना?"

"कसलं नवीन खातं?"

ताईंनी फोन ठेवला आणि सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मंगळवारपासूनचं. आवाज एकदम सपाट. मी काय विचारलं? "अहो ताई, मग सांगितलं का नाहीत?" पुढची पाच मिनिटं या प्रश्नात गेली. त्यांनी उत्तर दिलं ते मात्र टिपून ठेवण्यासारखं होतं: "सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटलं. पासवर्ड बदलला, मेल काढून टाकला. झालं ना."

मेल काढून टाकला, हे त्या सफाई केल्याच्या सुरात सांगत होत्या. सांडलेलं पुसावं तसं.

पैशांची धावपळ आधी. पैसे ग्राहकाच्या खात्यातून गेले होते, म्हणून पहिला फोन ग्राहकाने त्यांच्याच बँकेच्या फसवणूक विभागाला करायचा होता. आम्ही कितीही तळमळलो तरी दुसऱ्याच्या व्यवहारावर आमची बँक हात घालू शकत नाही. बाईंनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरचं खातं सांगितलं. बँकेने पैसे परत मागवण्याची विनंती समोरच्या बँकेकडे धाडली. तोवर एक रात्र उलटली होती आणि बरीचशी रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती. जेवढी पहिल्या खात्यात शिल्लक होती तेवढी गोठवली गेली.

तिकडे ते चाललं असताना मी ताईंच्या मेलपेटीत होतो. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, टिंब नावाचा नियम पुसणं, बाहेर मेल पाठवणारी दुसरी कुठली वाट आहे का हे पाहणं, ओटीपीसाठी कोणाचं अनोळखी उपकरण जोडलंय का, परवानगी दिलेली अ‍ॅप कोणती, आणि हे सगळं झाल्यावर पुन्हा नवा पासवर्ड. नियम पुसण्याआधी मी त्याचा फोटो काढला. दिवसभरात डोकं ठिकाणावर असल्याची माझी हीच एक खूण.

सरांनी आणि बाकीच्यांनी ग्राहकांची यादी वाटून घेतली आणि प्रत्येकाला फोन केला. मेल कोणालाच पाठवला नाही. आणखी एका ग्राहकाकडे तसाच मेल पोचलेला निघाला, त्यांनी अजून उघडलेला नव्हता.

तक्रार कुठे आणि कशाची

पोलिसांकडे आणि इतरत्र तक्रार करायला बसलो तेव्हा पहिला अडथळा तोच. मूळ मेल कुठे आहे? नाही. पीडीएफ? नाही. कोड? नाही. एक धागा ताईंच्या फोनमध्ये सापडला. पान बंद केलं होतं, पण ब्राउझरच्या इतिहासात मंगळवार, १० वाजून ४७ मिनिटं, अशी नोंद आणि तो लांबलचक पत्ता जसाच्या तसा होता. दुसरा धागा नशिबाने मिळाला. रजेवर असलेल्या एका सहकाऱ्याच्या मेलपेटीत तोच मेल न उघडलेला पडून होता.

तो मेल आम्ही अटॅचमेंट म्हणून पुढे पाठवला. ही बारीकशी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. नेहमीसारखा फॉरवर्ड केला तर फक्त मजकूर जातो. मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला, वाटेत कोणी तपासला, तपासणीत पास झाला की नापास, हे सगळं त्याच्या हेडरमध्ये असतं आणि ते गळून पडतं. स्क्रीनशॉटमध्ये तर तेही नाही आणि दाबता येण्याजोगी लिंकही नाही. आमच्या हेडरमध्ये डीमार्कपुढे स्वच्छ 'फेल' लिहिलं होतं. नापास झालेला मेल माझ्या त्या 'काहीच नाही'मुळे आत आला होता.

तक्रार एकच असते असा माझा समज होता. प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कामं असतात आणि ती करणारे एकमेकांशी बोलतातच असं नाही. पैसे अडवू शकते फक्त बँक, आणि तिथे हिशेब मिनिटांचा असतो. खोटं पान आणि खोटं डोमेन बंद करू शकतो तो ज्याच्याकडून ते घेतलंय तो डोमेन विकणारा किंवा जागा देणारा. डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत गैरवापर कळवायचा पत्ता असतो, तिथे पूर्ण लिंक आणि हेडरसकट मेल पाठवायचा. गूगलच्या सेफ ब्राउझिंगकडे तीच लिंक कळवली आणि ती यादीत गेली की क्रोम, फायरफॉक्स, सफारी पान उघडण्याआधी लाल पाटी दाखवतात. आणि माणसांमागे लागू शकतात ते पोलीस, तिथे महिने मोजायचे. आम्ही हे उलट्या क्रमाने करायला निघालो होतो, कारण 'तक्रार' म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीसच येतात.

प्रत्येक देशाची खिडकी वेगळी. भारतात पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल. १९३०वर केलेली नोंद थेट बँकांपर्यंत जाते, म्हणून फोन आधी, पोर्टलवरची सविस्तर तक्रार मागाहून. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडात संशयास्पद एसएमएस ७७२६ वर पुढे पाठवतात. जुन्या कीपॅडवर 'स्पॅम' लिहिलं की हेच आकडे दाबले जातात. ब्रिटनमध्ये मेलसाठी २०२०पासून 'रिपोर्ट ॲट फिशिंग डॉट जीओव्ही डॉट यूके' हा पत्ता आहे. अमेरिकेत पैसे गेले असतील तर एफबीआयचं आयसीथ्री हे तक्रार केंद्र, एरवी फेडरल ट्रेड कमिशन. आणि कुठेही असा, मेलमधलं 'फिशिंग कळवा' (म्हणजे फसवा मेल कळवा) हे बटण सेवा देणाऱ्यापर्यंत पोचतंच. 'डिलीट'च्या शेजारी ते वर्षानुवर्षं आहे. मी स्वतः त्या शुक्रवारपर्यंत ते दाबलेलं नव्हतं.

खोटं लॉगिन पान शनिवारी दुपारी बंद झालं. 'आर-एन'वालं डोमेन पाच दिवसांनी.

त्यानंतर

लहान बिलाच्या रकमेतला थोडा भाग ग्राहकाला परत मिळाला. उरलेलं नुकसान कोणाचं, यावर दोन बैठका झाल्या. त्यांचं म्हणणं, फुटली तुमची मेलपेटी. आमचं म्हणणं, न विचारता खातं तुम्ही बदललं. दोन्ही खरं होतं. शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. कामं अजून येतात, पण पूर्वीचा मोकळेपणा राहिलेला नाही.

तीन आठवड्यांनी त्या ग्राहकाला एक मेल आला: आपली बुडालेली रक्कम आमच्या वसुली पथकाला सापडली आहे, प्रक्रिया शुल्क भरा. एकदा फसलेल्यांची नावं चोरांमध्ये विकली जातात, त्यामुळे ही दुसरी फेरी बहुतेक येतेच. या वेळी बाईंनी थेट मला फोन केला.

ऑफिसात तीन गोष्टी बदलल्या. डीमार्क 'नाकारा'वर आणला, तेही दोन आठवडे अहवाल नीट वाचून, कारण आधी आमची स्वतःची पाठवणीची सेवाच त्यात नापास होत होती. मेलला ओटीपीऐवजी पासकी आणली, म्हणजे फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली, टाइप न करावी लागणारी किल्ली. पासकी ज्या डोमेनसाठी बनवली त्याच डोमेनवर चालते. मधल्या दलालाचं पान कितीही हुबेहूब असलं तरी तिथे ती उठतच नाही. आणि खातेबदलाचं कोणतंही पत्र, आमचं असो वा त्यांचं, जुन्या नंबरवर फोन झाल्याशिवाय खरं मानायचं नाही, असं सगळ्या ग्राहकांना लेखी कळवलं.

चौथी गोष्ट कुठे लिहिलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी सर ताईंना काहीतरी बोलणार होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, आज तुम्ही रागावलात तर पुढच्या वेळी आपल्याला शुक्रवारीसुद्धा कळणार नाही. सर गप्प बसले. राग गेला नव्हता, दिसतच होता. सोमवारी मी डीमार्कचं सांगितलं तेव्हा त्या शिल्लक रागातला थोडा माझ्या वाट्याला आला.

गेल्या महिन्यात ताई फोन हातात धरून माझ्याकडे आल्या, एखादी झुरळ पकडलेली वाटी आणावी तशा, झाकणावर हात ठेवून. एसएमएस होता. पार्सलचा पत्ता अपुरा आहे, १२ तासांत दुरुस्त करा, लिंक उघडत नसेल तर 'वाय' लिहून उत्तर द्या आणि संदेश पुन्हा उघडा. अनोळखी नंबरवरून आलेल्या संदेशातली लिंक आयफोन चालू ठेवत नाही. आपण उत्तर दिलं की तो नंबर त्याच्या लेखी ओळखीचा होतो आणि लिंक जागी होते, म्हणून तो 'वाय'.

"पार्सल मागवलंय का काही?" मी विचारलं.

"मागवलंय ना. दोन." मग फोन माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "काही दाबलेलं नाही. काढूनही टाकलेला नाही. कुठे पाठवायचा ते सांग, मीच पाठवते."